पांढरा पडलेला बंपर

२ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी देवपूजा झाल्यावर गाडी धुतली आणि पुढच्या बंपरला कोकमाचं तेल चोळलं.

माझी बायको शर्मिला टाचांना लावते तेच तेल. थंडीत भेगा पडल्या की आमच्याकडे सगळे तेच लावतात. मला वाटलं, उन्हाने बंपरचं प्लास्टिक फुटलेल्या टाचेसारखंच कोरडं झालंय, तर औषधही तेच चालावं. तेलाचा गोळा वाटीत वितळवून कापडाने लावला. लावल्या लावल्या काळेपण आलं. चाकांवरच्या कमानी, दारांच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, सगळीकडे लावून टाकलं.

ही जीप मी कोल्हापूरच्या एका माणसाकडून जुनी घेतली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चारी चाकांना जोर असलेली, म्हणून वरच्या वाडीची घाटी पावसातही चढते. वाडीतली आजारी माणसं, बाळंतिणी, आंब्याच्या पेट्या, सगळं हिनेच उतरवलं. इंजिन अजून खणखणीत आहे. पण ऊन आणि खारा वारा खाऊन बाहेरचं सगळं काळं प्लास्टिक पांढरट झालंय.

हे सगळं बाबलीमुळे. बाबली माझ्याबरोबर शाळेत होता, आता देवबागेत पाहुण्यांना खोल्या देतो. नाताळच्या सीझनला त्याला एक जीप आणि ड्रायव्हर पाहिजे. पाहुण्यांना विजयदुर्गापर्यंत न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. परवा येऊन गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "सत्या, गाडी धावता बरी, पण तोंड बघ तिचा. पाहुणे फोटो काढतत रे. ह्या म्हातारीसोबत कोण फोटो काढतलो?"

गाडीचं तोंड सुधारलं तर काम माझं. यंदा काजूने दगा दिला आहे, तेव्हा हे काम मला पाहिजेच.

३ नोव्हेंबर

कोकमाचं तेल थंडीत थिजतं हे लहानपणापासून माहीत आहे. ध्यानात आलं नाही. सकाळी बंपर आधीपेक्षा पांढरा, त्यावर तांबड्या रस्त्याची धूळ चिकटलेली.

शर्मिला रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. "पायाक लावचा तेल गाडीक लावलात? आता माज्या टाचा फुटल्यो काय त्येंका गाडीचा ग्रीस लावू?"

गरम पाण्याने आणि साबणाने सगळं काढलं. दुपार गेली.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला गेलो होतो, मी, शर्मिला आणि मुलगी, तिघंही. तळ्याकाठी पणत्या लावल्या होत्या. दरवर्षी बघतो, पण यंदासारख्या कधी दिसल्या नाहीत. प्रत्येक ज्योतीभोवती काटेरी कडं, एकीच्या तीन तीन झालेल्या. चंद्रालाही दोन कडा. बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. देवाने दाखवलं म्हणून दिसलं, असं वाटलं.

परत येताना मात्र त्रास झाला. समोरून गाडी आली की तिचा उजेड सगळ्या काचेवर पसरतो. हल्लीच्या नव्या गाड्यांचे दिवे फार भडक असतात, यावर कोणीतरी बोलायला हवं. आणि माझ्या गाडीचे दिवे मंद झालेत. दिव्यांवरची काचही खरं म्हणजे प्लास्टिकच. तीही पिवळी पडली असणार.

शर्मिला हल्ली पुढे बसते आणि सारखी बोलते. "खड्डो. हय वळण आसा. माणूस येता." पूर्वी ती गाडीत बसली की झोपायची. वय झालं की माणसाला बोलायची सवय लागते.

९ नोव्हेंबर, रविवार

दिव्यांची झाकणं दात घासायच्या पेस्टने घासली. असं केल्याने स्वच्छ होतात, सलोनीने मोबाईलवर दाखवलं. सलोनी म्हणते झाली. मला फरक वाटला नाही.

सलोनी माझी मुलगी, कुडाळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. गेल्या वर्षी चारचाकीचं लायसन काढलं. सुट्टीच्या दिवशी गाडी मागते. सपाट रस्त्यावर दोनदा दिली, घाटीत देत नाही. घाटी मुलींचं काम नाही. असं तिला मी तोंडाने म्हटलेलं नाही, पण तिला ते कळतं, आणि कळतं हे मलाही कळतं.

बाबलीने फोनवर उपाय सांगितला. होड्यांच्या लाकडाला तारली मासळीचं तेल लावतात, तेच प्लास्टिकला लाव. त्याने बाटली पाठवलीही होती. लावलं. तेज आलं.

१० नोव्हेंबर

पहाटे उठून बघतो तर वाडीतली झाडून सगळी मांजरं बंपर चाटत बसलेली. एक तर बॉनेटवर चढून आरशाला मिठी मारून होती.

शर्मिला पायरीवर बसून हसत राहिली. "पाहुण्यांका सांगा, गाडीसोबत कालवण फुकट."

पुन्हा साबण.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

कुडाळात धनेश म्हणून एक जण गाड्यांवर स्टिकर चिकटवतो. त्याच्याकडे गरम हवा फेकणारं मशीन असतं. तो म्हणाला, "काका, वरून काही लावू नका. प्लास्टिकच्या आत काळा रंग आहेच, गरम हवा दिली की तो वर येतो. फक्त एका जागी धरू नका. काळं दिसलं की पुढे सरका." दोन दिवसांसाठी मशीन दिलं.

अंगणात वायर ओढून सुरुवात केली. डाव्या बाजूच्या मागच्या कमानीपासून. मी बघत होतो कधी काळं होतंय ते. प्लास्टिक राखाडी होतं, राखाडीच राहिलं. मी तसाच धरून होतो. सलोनी घरातून ओरडत आली.

"बाबा, बस! काळा झाला कधीचा! थांबवा, थांबवा!"

तोपर्यंत कमानीची कड लोंबायला लागली होती. वास सुटला. थंड झाल्यावर ती कड मेणासारखी मुरडून तशीच बसली.

सलोनी पुढे झाली. माझ्या हातातून मशीन घेतलं आणि बाकीची गाडी तिने केली. माझ्यापेक्षा पुष्कळ भरभर. मी वायर धरून उभा होतो. ती मधूनमधून माझ्याकडे बघत होती. गाडीकडे बघायचं सोडून माझ्याकडे कशाला?

मशीन खराब असेल. किंवा माझं लक्ष नव्हतं.

१६ नोव्हेंबर

शर्मिलाला विचारलं, खरंच काळं झालंय का. ती बंपरपाशी वाकली, गळ्यातलं मंगळसूत्र पुढे करून त्याचे मणी प्लास्टिकला लावले. "बघा. ह्या मण्यांसारको."

मी बघितलं. दोन्ही सारखेच दिसले, राखेसारखे. पण सारखे दिसले हे खरं, म्हणून मी हो म्हटलं. मणीही आता जुने झाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, घामाने, साबणाने रंग जातो. सीझन झाला की तिला नवे ओवून आणायचे.

बाबली येऊन गाडी बघून गेला. खूश झाला. मुरडलेल्या कडेवर हात फिरवून म्हणाला, "ही कड रे कशी झाली? बरी आसा, कायतरी जंगलात्सून फिरलेली दिसता." वीस डिसेंबरपासून पाहुणे. माझं नाव सांगून ठेवतो म्हणाला.

गाडी चांगली झाली असं सगळे म्हणतात. मला ती धुक्यात उभी असल्यासारखी दिसते.

१८ नोव्हेंबर

काजूच्या बागेत गवत काढताना डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा मिटून घराकडे चालायला लागलो तर घर दिसेना. म्हणजे दिसलं, पण दुधात बुडवल्यासारखं. माड कुठला आणि विजेचा खांब कुठला ते उमगलं नाही. कुंपणाच्या दगडी गडग्याला हात लावत लावत आलो.

शर्मिलाने पदराच्या टोकाने कुसळ काढलं. मग ठीक.

ताण आला असेल. कालपासून झोप नीट नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी एकटाच बाजारातून येत होतो. दिवे लावायची वेळ नुकती होत होती. घाटीच्या खालच्या वळणावर समोर काही नव्हतं. मग एकदम गवताचा भारा हवेत उडालेला दिसला, आणि मी ब्रेक दाबला.

तुळसा होती. वरच्या वाडीतली, माझ्यापेक्षा पंधरा एक वर्षांनी मोठी. भारा टाकून गडग्यावर चढून बसली होती. गाडी तिच्या लुगड्याला लागून थांबली.

"सत्यवाना! डोळे खंय ठेवलंस रे? माका दिसतहस तू, तुका मी दिसनंय नाय? मी काय झुडूप आसंय?"

मी उतरून भारा उचलून दिला. तो दोनदा हातातून पडला. तिला म्हटलं, काकी, काळोख झालेला, तुमचं लुगडं मातीच्या रंगाचं.

"लुगडा हिरवा आसा," ती म्हणाली. "आणि काळोख खंयचो? माका तुज्या शर्टाचे बटण मोजता येतत."

मी म्हटलं, चला, गाडीत बसा, घरी सोडतो. ती भारा डोक्यावर घेऊन चालायला लागली. "नको रे बाबा. चलत गेलंय तर उशिरा पोचान, पण पोचान."

घरी काही सांगितलं नाही. पण हे वाडीत लपून राहायचं नाही.

२० नोव्हेंबर, अमावास्या

रवळनाथाकडे कौल लावला.

डॉक्टरकडे जायचा विचार मनात आला होता, हे लिहून ठेवतो. पण डॉक्टर काय म्हणेल ते मला माहीत आहे असं वाटलं, आणि देव काय म्हणेल ते माहीत नव्हतं. म्हणून देवाकडे गेलो.

आमच्या देवळात भिजवलेल्या तांदळाचे दोन दाणे देवाच्या दोन खांद्यांना लावतात. बाबू गुरव डोळे मिटून गाऱ्हाणं घालतो. उजवा दाणा पडला तर देवाची संमती, डावा पडला तर थांबायचं. रीत अशी की ज्याचा कौल, त्यानेच बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. तोपर्यंत गुरव डोळे उघडत नाही.

बाबूने गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, हो तुजो सत्यवान पाहुण्यांची गाडी चालवूक बघता. तुजी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी. तेका वाट दाखय." मी मूर्तीकडे बघत उभा राहिलो. काळा पाषाण, समईचा उजेड. दाणे कुठे लावलेत तेच मला दिसत नव्हतं. पांढरट काहीतरी होतं, ते दाणे की समईची चमक, सांगता येईना. बाबूचं गाऱ्हाणं थांबलं. गाभाऱ्यात काहीच आवाज नाही. बराच वेळ गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवो."

बाबूने डोळे उघडले. मूर्तीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बघलंस तू?"

"होय."

"बरा," म्हणाला आणि तीर्थ दिलं.

तीर्थ घेताना ते हातातून सांडलं.

२१ नोव्हेंबर

गाडी काढली नाही. टायर बघायचेत, असं घरात सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

खोटं बोलायचं झालं तर माणसाशी बोलतो आपण. तलाठ्याशी, गिऱ्हाइकाशी, बायकोशीही. देवासमोर उभं राहून देवाच्याच तोंडचं उत्तर आपण द्यायचं, हे कधी केलं नव्हतं. पूजेला बसलो तर चंदन लावायचा हात पुढे होईना.

शर्मिलाने विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं. तिने बाम आणून दिला. लावला.

सलोनी जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्या लॅबच्या वर डोळ्यांचे डॉक्टर बसतत. सोमवारी, गुरुवारी." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "कायनाय. सांगितलंय."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बाबूकडे गेलो. तो देवळामागे फुलं काढत होता. मी चप्पल काढून उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबू, त्या दिवशी मी दाणो बघूक नाय. माका दिसलोच नाय. उगाच उजवो म्हटलंय."

तो फुलं काढतच राहिला. "माका म्हायत आसा."

"म्हणजे डावो पडललो?"

"खंयचोच नाय पडललो. दोनय दाणे जागच्या जागी होते. देवान तुका अजून उत्तरच दिला नव्हता, आणि तू हुकूम घेवन मोकळो झालंस."

मी खाली बसलो. म्हटलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस?

"रीत आसा मा. तुजो कौल, तू सांगूचो. मी मधी बोललंय तर उद्या सगळेच म्हणतले, गुरव आपल्या मनाचा सांगता." मग परडी खाली ठेवली आणि जरा ओशाळून म्हणाला, "पण खरा सांगू? गणपतीपासून माजी बायको तुज्या गाडीत बसणा नाय. मीच तिका रिक्षान धाडतंय. तुका वायट वाटात म्हणान बोलाक नाय."

मी विचारलं, आणखी कोण कोण बसत नाही?

"सोड मरे."

"सांग."

त्याने नावं सांगितली नाहीत. पण हल्ली बाजाराच्या दिवशी गाडी अर्धी रिकामी जाते, याचं कारण मी नव्या रिक्षांवर ढकलत होतो.

म्हणजे वाडीला दिसत होतं. बाबूला, तुळसाकाकीला, शर्मिलाला, पोरीला. मी प्लास्टिकला दोष देत बसलो. बिचारं प्लास्टिक. त्याच्या मागे साबण, मासळी आणि आग लावली.

बाबूला म्हटलं, देवाला काहीतरी प्रायश्चित्त द्यायला हवं. तो म्हणाला, "नारळ ठेव आणि चूक झाली म्हणान सांग. तेका काय, तो ऐकता. पण आधी डोळे दाखवून ये. नायतर नारळ खंय ठेवतलंस ता दिसाचा नाय."

२६ नोव्हेंबर

दोन दिवस ठरवतो आहे आणि होत नाही. पाहुणे येऊन जाऊदेत, मग दाखवू, असं एकदा मनात आलं. दिवसाच चालवायची, हळूच चालवायची. विजयदुर्गाचा रस्ता पाठ आहे. तळेरेपर्यंत तर डोळे मिटूनही जाईन.

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नारळ ठेवला. मग सलोनीला म्हटलं, लॅबला स्कूटरने जाऊ नकोस, गाडीने जाऊ. ती म्हणाली, बरं, तुम्ही काढा. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि डाव्या बाजूला जाऊन बसलो. दार लावताना चुकून सीटचा पट्टा दारात अडकला. या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो.

शर्मिला पायरीवर उभी होती. पदर तोंडाला लावून आत गेली.

घाटी सलोनीने उतरवली. तिसऱ्या वळणाला मी दुसरा गिअर ठेवतो, तिने पहिला टाकला. माझा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होता, जिथे ब्रेक नाही. खालच्या वळणाला तिने हॉर्न दिला, थांबली, पुढे वाकून बघितलं, मग वळली. तिथे तुळसाकाकी नव्हती, कोणीच नव्हतं. मी असं थांबलो नसतो.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बसवलं, मग तपासलं. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात सुरू झालाय. खाली लॅबमध्ये रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली, तिच्यामुळे लवकर आला असेल म्हणाले. साखर खाली आली की आधी उजव्याचं ऑपरेशन, मग डाव्याचं. मग विचारलं, "गाडी चालवता का?"

सलोनी भिंतीवरची अक्षरांची पाटी वाचत असल्यासारखी उभी होती.

"चालवतो," मी म्हटलं.

"आता नाही. ऑपरेशननंतर मी सांगेपर्यंत नाही."

परत येताना तिला म्हटलं, अर्ध्या दिवसाची रजा मिळते का बघ, देवबागेत जाऊ. औषधाने मला उजेड सोसत नव्हता, सगळा रस्ता हातरुमाल डोळ्यांवर धरून बसलो. बाबली खोल्यांसमोर वाळू झाडत होता. त्याने मला उजवीकडे, स्टिअरिंगपाशी शोधलं.

मी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, तुळसाकाकी, कौल. कौलाचं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

बाबली चिडला. "अरे, मी लोकांका तुजा नाव सांगून बसलंय! वीस तारखेक काय सांगू तेंका? आधी कळाक नाय तुका?"

"आधी कळाक व्हया होता. कळलेला पण."

"आणि आता ऐनवेळेक मी ड्रायव्हर खंय शोधू?"

"शोध. गाडी पण दुसरीच बघ. माका नको धरू."

त्याने झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाला, कोणी कणकवलीचा आहे त्याला विचारतो. माझ्याकडे बघेना. चहा घे म्हणाला नाही, हे प्रथमच. यंदाचा सीझन गेला, आणि बाबली कधी पूर्वीसारखा बोलेल ते माहीत नाही. पण कौलाच्या वेळी न बघता बोललो होतो, आज जे बोललो ते मी बघितलेलं होतं.

गाडीपाशी आलो. सलोनीने विचारलं, "बाबा, कणकवलीवाल्याक आपली गाडी भाड्यान दितलात?" मी नाही म्हटलं. बाजाराच्या दिवशी वाडीच्या बायका येतील तर तू सुट्टीला घेऊन जा, म्हटलं. आधी दोनदा रिकामी घाटी चढून उतरून ये, मी बाजूला बसेन, बोलणार नाही.

"बोलणार नाय?"

"बघू."

घरी आल्यावर गाडीची किल्ली मी नेहमी दाराजवळच्या खुंटीला लावतो. आज हात आपोआप पुढे झाला, पण किल्ली माझ्याकडे नव्हती. सलोनीने ती आपल्या पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि हातपाय धुवायला गेली. मी मागितली नाही.

उद्यापासून साखरेसाठी चहा बिनसाखरेचा.